नवव्या प्रकरणातला काना

पुस्तक बाजारात येऊन तीन आठवडे झाले आणि वाचकांच्या पत्रांचा ढीग माझ्या टेबलावर येऊन पडला. माझ्याच का, तर मी प्रुफं तपासते, आणि आमच्या प्रकाशकांची अशी ठाम समजूत आहे की दोन पुस्तकांच्या मधे प्रुफं तपासणारी बाई माश्या मारत बसते.

‘फौजदार’ मालिकेतलं हे अठरावं पुस्तक. निवृत्त फौजदार गुन्हे उलगडतो आणि त्याचा कारकून सगळं वहीत टिपून घेतो. लिहिणारे मास्तर. खरोखरचेच मास्तर, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेले. त्यांचा एक हट्ट होता. गुन्हेगार ओळखायची खूण पुस्तकात असलीच पाहिजे, आणि ती वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेली असली पाहिजे. “उत्तर लपवावं, गणित लपवू नये,” असं म्हणायचे. सतरा पुस्तकांत त्यांनी वाचकाला एकदाही फसवलं नव्हतं आणि याचा त्यांना भारी अभिमान होता.

अठराव्यात औषधांच्या दुकानदाराचा खून होतो आणि खुनी निघतो कारकून.

झालं! वाचकांत उभी फूट पडली. एका परिचारिकेने लिहिलं होतं, शेवट वाचून सुन्न झाले, दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. एका शिंप्याने कळवलं होतं की इतकं चांगलं पुस्तक त्याने जन्मात वाचलं नाही. पण अशी पत्रं थोडी. बाकीच्यांनी मास्तरांना नुसतं सोलून काढलं होतं. ‘सतरा पुस्तकं ज्याच्यावर जीव लावला त्यालाच खुनी करताना हात कसा धजावला?’ ‘दोनदा वाचलं. एकसुद्धा खूण नाही. ही शुद्ध फसवणूक आहे.’ ‘मास्तर थकले. आता विश्रांती घ्यावी.’

मास्तर विश्रांतीच घेत होते, बिचारे. हस्तलिखित दिल्यावर दहाव्या दिवशी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. प्रुफं बघायला ते नव्हतेच.

पंचविसावं की सव्विसावं पत्र उघडलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘फौजदार पहिल्या पुस्तकापासून कारकुनाला अहो-जाहो करतो. मग शेवटच्या पानावर “तू पुढे हो, मी आलोच” हे कुठून आलं? मुद्रितशोधक झोपले होते काय?’

मी झोपत नाही. बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बसले आहे. पुस्तक उघडलं. होतं! “तू पुढे हो.” शेवटच्या पानावर मी तपासायचं सोडून वाचायला लागले होते, रडतसुद्धा होते, आणि तो ‘तू’ मला जराही खटकला नव्हता.

आणि मग मला आठवलं की हा एकच ‘तू’ नव्हता.

माझ्या लाल शाईची प्रुफं कपाटातून काढली. नवव्या प्रकरणापर्यंत सगळं ‘तुम्ही’. नवव्यात कारकून सहज बोलून जातो, “तोवर दुकानदाराचं घड्याळ थांबलेलं होतं.” फौजदार त्यावर काहीच विचारत नाही. फक्त म्हणतो, “बस. चहा घे.” आणि तिथून शेवटपर्यंत तो कारकुनाला ‘तू’च म्हणतो. छापलेल्या ‘बस’ला मी लाल शाईने काना जोडला होता. बसा. ‘घे’चं घ्या. पुढे ‘तू’चं तुम्ही, ‘येतोस’चं येता. बत्तीस ठिकाणी. एरवी मी समासात प्रश्नचिन्ह टाकून मास्तरांकडे पाठवलं असतं. पण मास्तर रुग्णालयात आणि प्रकाशक मानगुटीवर. मला वाटलं, म्हातारपण आलं, हात चुकला असेल, आपण सांभाळून घेऊ.

सांभाळून घेतलं मी! घड्याळ थांबल्याचं तोवर खुन्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. ते वाक्य आणि त्याच्या पाठोपाठ आलेला ‘तू’, हीच खूण होती. फौजदाराला त्या क्षणी कळलेलं असतं. आरोपीलाही ‘तू’ म्हणतात आणि घरच्या माणसालाही, आणि तो नेमका कुठला ‘तू’ हे वाचकाने शंभर पानं मनात घोळवत राहायचं होतं. गणित पानावर मांडलेलं होतं. ते मी पुसलं; एकट्या घड्याळाच्या वाक्याकडे कोण बघतो?

प्रुफं घेऊन प्रकाशकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ऐकून घेतलं.

“ताई, एका कान्याने काय आभाळ कोसळतं का?”

“बत्तीस आहेत. आणि मास्तरांचं नाव खराब होतंय.”

“नाव कसलं खराब? गाजतंय! लोक भांडतायत म्हणजे वाचतायत. पुढच्या आवृत्तीत बघू.”

“ती कधी?”

“ही संपल्यावर,” ते म्हणाले आणि चष्मा खाली घेतला.

मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. ज्या मासिकात पुस्तकावर वाद रंगला होता, त्याला पत्र लिहिलं. चूक माझी आहे, मास्तरांची नाही, असं सरळ लिहून खाली माझा हुद्दा घातला आणि एका प्रुफाचं छायाचित्र जोडलं. त्यांनी ते छापलंही. पुढच्या अंकात उत्तरं आली. ‘लेखकाची चूक झाकायला आता नोकरांना पुढे करू लागले.’ ‘लाल शाई काय, आजही मारता येते.’ एकाने तर लिहिलं, ‘ही खप वाढवायची युक्ती असावी. छान आहे.’ वाचून मी कपाळाला हात लावला. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या आणि माझी स्वतःची चूक मान्य करायला कुणी तयार होईना.

रविवारी सकाळी मास्तरांच्या घरी गेले. मास्तरीणबाईंनी दार उघडलं.

“बरं झालं आलात. एकच शब्द येतो हो त्यांना. ‘मी’. पाणी हवं तरी मी, खिडकी लावायची तरी मी. मला अंदाजाने ओळखावं लागतं.”

मास्तर खिडकीशी खाटेवर टेकून बसले होते. मला पाहून डावा हात जरासा उचलला. उशाशी पत्रांचा गठ्ठा होता. प्रकाशकांनी नकला पाठवल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या.

“मी वाचून दाखवते रोज,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “चांगली तेवढीच वाचत होते, पण त्यांना कळतं हो. गठ्ठ्याकडे बोट करतात. वाईट पत्र आलं की छातीवर हात आपटतात. मी, मी, मी. आपलंच काहीतरी चुकलं असं घेतलंय मनात. पुस्तकही वाचून दाखवायला घेतलं मी. पण नववं प्रकरण आलं की गडबड करतात, पुढे वाचूच देत नाहीत.”

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी खुर्ची ओढली, पिशवीतून प्रुफं काढली आणि लाल शाईखालचं, त्यांनी लिहिलेलं, तसंच्या तसं वाचायला लागले. “बस. चहा घे.” मास्तर एकदम निश्चल झाले. मी पूर्ण प्रकरण वाचलं. एकदाही हात हलला नाही. डोळे मात्र भरून आले, एक थेंब गालावर ओघळला.

“मास्तर, तुम्ही बरोबरच लिहिलं होतंत,” मी म्हटलं. “चूक तुमची नाही. हे सगळे ‘तुम्ही’ मी घातलेत. मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात छातीवर ठेवला.

“मी.”

“नाही हो. मी. ही शाई माझी आहे, बघा.”

“मी.”

“तुम्ही नाही, मास्तर!” माझा आवाज चढला. “माझ्यामुळे झालंय सगळं. मी केलं!”

“मी,” ते म्हणाले, या वेळी हळू, आणि हात माझ्या हातावर ठेवला.

क्षमा केली की पुन्हा स्वतःलाच दोष दिला, की आणखीच काही सांगायचं होतं, मला कळेना. मी त्यांचा चेहरा पुनःपुन्हा वाचत राहिले. शेवटी मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं तसं, पाणी हवं असेल म्हणून पेला उचलला आणि ओठांशी नेला.

त्यांनी तोंड फिरवलं.