शेवटचं लॉगिन

बाबांचं दुकान जुन्या शिलाई मशिनींच्या सुट्या भागांचं. नवी मशीन घेणाऱ्याला तिकडे फिरकायचं काही कारण नाही, पण जुन्या मशिनीवर जीव असलेली माणसं कुठून कुठून विचारतात. शटल मिळेल का, बॉबिनची डबी आहे का, पायदानाचा चामडी पट्टा धाडाल का. ही माणसं दुकानाची पायरी कधी चढत नाहीत. ती वेबसाइटवर येतात, मेल लिहितात, आणि बाबा चष्मा कपाळावर सरकवून पुडकी बांधतात.

ती वेबसाइट धाकट्यानं उभी केली. धाकटा म्हणजे माझा भाऊ. एकेक भाग पांढऱ्या कागदावर ठेवून, खिडकीतल्या उजेडात फोटो काढून, नावनिशी त्यानं सगळं मांडलं. मग एकदा जेवताना तो म्हणाला की आता दुकानाचा गाळा सोडून देऊ, माल घरात ठेवू, सगळं साइटवरूनच चालवू. बाबांच्या ते वर्मी लागलं. शब्दानं शब्द वाढत गेला आणि शेवटी बाबा म्हणाले, "माझ्या दुकानात पुन्हा पाय ठेवू नकोस."

आम्ही राहतो दुकानामागच्या खोल्यांत. घरात यायचा रस्ता दुकानातूनच. त्यामुळे त्याला दुकान बंद झालं म्हणजे घरही बंद झालं, हे बोलून गेल्यावर बाबांच्या लक्षात आलं असावं. तोवर तो बॅग भरून गेला होता. फोनचा नंबरही बदलला. बाबांनी त्याचं नाव काढणं सोडलं, आणि आत्या मीठ मागतानासुद्धा जपून बोलू लागली.

साइट मात्र कुणीतरी सांभाळायला हवी होती. ती माझ्याकडे आली. मला तोवर मेल पाठवण्यापलीकडे काही येत नव्हतं. सर्व्हर म्हणजे कुठल्या तरी परक्या इमारतीतलं यंत्र, जागा भाड्याची, आणि त्याची देखभाल घरबसल्या करायची ती कंट्रोल पॅनल नावाच्या एका पानावरून. सुरुवातीला मी ते उघडायची ते पाहुण्याच्या कपाटात डोकावल्यासारखी. मेलच्या पेट्या, फायली, बॅकअप, कसले कसले चौकोन. हळूहळू कळत गेलं. उजव्या बाजूला एक पट्टी असते, जागा किती भरली ते सांगणारी. हिरवी असली की ठीक, नारिंगी झाली की आवराआवर करायची, लाल झाली की मेल येणं बंद. आणि पट्टीच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ : शेवटचं लॉगिन. पुढे आकड्यांचा पत्ता, म्हणजे तुमच्याआधी आत कोण येऊन गेलं, कुठल्या लाइनीवरून आलं, ते. रोज तिथं माझाच पत्ता असायचा, आदल्या दिवशीचा. शेवटचे अंक इकडेतिकडे व्हायचे, पण सुरुवात तीच. ती मला पाठ झाली होती.

एका सकाळी तिथं वेगळेच आकडे दिसले.

पहिल्यांदा वाटलं, कुणी चोर शिरला. मग बघते तर साइटमधल्या चुकांच्या आपोआप होणाऱ्या नोंदींचा जो ढीग महिनोन् महिने साचला होता, ज्याला हात लावायचा मला धीर होत नव्हता, तो साफ झालेला. पट्टी हिरवीगार. चोर येऊन केर काढून जात नाही. पासवर्ड आम्हा दोघा भावंडांनाच ठाऊक होता.

बाबांना काही बोलले नाही. आत्याला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "पाय ठेवू नकोस म्हणाला होता दादा. हाताचं काही बोलला नव्हता."

तेव्हापासून मध्येच कधीतरी, चार-आठ दिवसांनी, तो यायचा. काही तरी नीट करून जायचा. ते आकडे कुठले म्हणून मी शोधलं, तर एका शहराचं नाव निघालं, पुष्कळ लांबचं. मग मला त्या शहराचं हवामान बघायची सवय लागली. तिकडे गारठा वाढला की मी इकडे शाल ओढून घ्यायची. फायलींमध्ये त्याच्यासाठी दोन ओळी लिहून ठेवाव्यात असं अनेकदा मनात आलं. पण चाहूल लागली तर येणंच बंद करेल, या धास्तीनं हात आखडता घेतला.

माझा दिवसाचा नेम ठरलेला आहे. उठून अंघोळ, देवापुढे दिवा, जप, आणि मग बाकीचं सगळं. पॅनल त्या बाकीच्यातलं. पण कसं कोण जाणे, ते पुढे पुढे सरकत आलं. दिवा लावायची ती घाईनं. माळ ओढायची ती मणी मोजल्यासारखी. ओठांवर नाम आणि लक्ष टेबलावर मिटून ठेवलेल्या लॅपटॉपकडे. आत्याच्या नजरेतून काही सुटत नाही. ती शेजारी बसून वाती वळत होती, तशीच हळू म्हणाली, "देव समोर बसलाय बाई. तू त्याच्या खांद्यावरून कुणाला बघतेस?"

मी खजील झाले. मन जिथं गुंततं तेच काही काळ बाजूला ठेवायचं, ही माझी नेहमीची रीत. लोक गोड सोडतात. गोडाचं मला कधी काही वाटलंच नाही. महिनाभर पॅनल उघडायचं नाही, असं मी ठरवलं. त्याचबरोबर त्या शहराचं हवामानही. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, चालतंय ना सगळं, मग उघडायचंय कशाला; मेल तर त्यांच्या फोनवरच दिसत होते.

फार अवघड गेलं. कुलपाची किल्ली हरवल्यावर हात पुन्हा पुन्हा त्याच खिशात जावा, तसा माझा हात टेबलाकडे जायचा. दिवा मात्र सावकाश लागू लागला. देवाला मी धाकट्यासाठी काहीच मागत नव्हते, नुसतं बसायचे. आत्या म्हणाली, चेहरा उतरलाय तुझा, पण निदान समोर तरी बघतेस.

मग बाबांच्या फोनवर मेल येणं थांबलं. आधी त्यांना वाटलं, मंदी आहे. मग त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा, शिवणकाम करणाऱ्या बाईचा फोन आला. तिचे मेल परत येत होते. तुमच्या पेटीत जागा नाही म्हणे, ती बाबांना म्हणाली, कुणाचं लग्न काढलंय का घरात, एवढी कसली गर्दी. बाबा तसेच माझ्याकडे आले.

काय झालंय ते मला न बघता कळलं. जुने बॅकअप साचत गेले असणार, पट्टी लाल झाली असणार. दोन मिनिटांचं काम. पण मी घाबरले ती त्यामुळे नाही. पट्टी लाल झाली, आणि धाकट्यानं ती होऊ दिली. नारिंगी दिसली की हात लावल्याशिवाय न राहणारा मुलगा. म्हणजे तो येतच नव्हता. मी बघणं सोडलं आणि त्यानं येणं सोडलं. आजारी असेल, नाहीतर कायमचं मन उठलं असेल. आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला कळायची दुसरी वाट नव्हती.

आत्या म्हणाली, उपास तुझा, आणि उपाशी दुकान. बरोबरच होतं तिचं. पण मला वाटत होतं ते वेगळंच. पॅनल उघडलं आणि त्या ओळीत माझेच, नेम धरण्याआधीचे आकडे दिसले, तर? न उघडण्यात निदान आशा होती. मी बाबांकडे उद्या सकाळपर्यंतचा वेळ मागितला. ते दुकानात जाऊन पट्टे गुंडाळत बसले.

दुपारी भांडी विसळत होते, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. ओल्या हातानंच घेतला.

"ताई, तू बरी आहेस ना?"

मी नळ बंद केला. आहे, असं काहीतरी म्हणाले.

"मग येत का नाहीस? दोन-तीन खेपा झाल्या, शेवटचं लॉगिन माझंच. काल माझंच. आज सकाळपासून किती वेळा आत गेलो, दर वेळी माझंच."

त्याच्याही पडद्यावर तीच ओळ होती, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. माझे आकडे त्यालाही पाठ होते. चार-आठ दिवसांनी तो केर काढायला येत नव्हता. मी आदल्या सकाळी येऊन गेलेय ना, एवढं बघायला येत होता. केर काढणं हे निमित्त.

पट्टी नारिंगी झाली तेव्हा त्यानं मुद्दाम हात लावला नव्हता. म्हटलं, आता तरी ताई आवरायला येईल. लाल झाली, मेल अडले, तरी मी नाही. मग त्याला काही सुचेना.

"नेम धरला होता," मी म्हणाले.

"कसला?"

"हे न बघण्याचा."

तो हसला. माणसं सोडतात तसं गोडधोड सोड ना, असं काहीतरी पुटपुटला. घरी ये, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याला ते ऐकू आलं असावं.

"यायचं विचारू नकोस, ताई."

"नाही विचारत."

"मग उघड ते. फोन ठेवू नकोस."

मी देवापुढे गेले, हात जोडले. राहिलेले दिवस पुढे भरून काढीन, एवढंच म्हणाले. लॅपटॉप उघडला. पट्टी लालभडक, आणि खाली त्याचे आकडे. मी बराच वेळ ते बघत राहिले. तिकडे त्याची बोटं चालल्याचा आवाज येत होता. तो बाहेर पडून पुन्हा आत येत होता.

"आलीस," तो म्हणाला.

जुने बॅकअप त्यानं भराभर काढले. तेवढ्यानं पट्टी उतरली नाही, म्हणून मग भागांच्या फोटोंवर आला. एकेका भागाचे जुनेनवे ढीगभर फोटो होते, पण कुठला माल अजून दुकानात आहे ते त्याला तिथून कसं कळणार. म्हणून तो नाव वाचायचा आणि मी काढ किंवा ठेव सांगायची. हात मोकळे हवेत म्हणून मी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. बॉबिनची डबी, काढ. सुईची पकड, ठेव. मोठा पट्टा, काढ, त्याचा चांगला फोटो खाली आहे.

दारात बाबा उभे होते. कधी आले, कळलं नाही. हातात गुंडाळायचा पट्टा तसाच. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. स्टुलाचा आवाज झाला तसं पलीकडचं वाचणं थांबलं.

"बाबा आहेत?"

"आहेत."

फोन काही कुणी ठेवला नाही. मी म्हणाले, पुढचं वाच.

"शटल, लांब," तो वाचू लागला. "जुन्या घडणीचं. काढू?"

मला ते ठाऊक नव्हतं. बाबा जमिनीकडे बघत होते.

"ते नको काढू म्हणावं," ते मला म्हणाले. "तसं आता कुठे मिळत नाही."

निरोप द्यायला मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आलं, "ठेवलं."

पट्टी अजून लालच होती. धाकट्यानं पुढचं नाव वाचलं, जरा मोठ्यानं.