लाल चढतो माळ्यावर

निळा बसतो तळाशी, हिरवा आपला जिन्यात, लाल चढतो माळ्यावर. आईनं स्वतःच रचलेलं हे गाणं. सुईत दोरा ओवताना ती ते ओठातल्या ओठात म्हणायची.

आई रफूवाली. कापडाचं भोक ती असं बुजवायची की मालकाला ते पुन्हा शोधूनही सापडू नये. मग मेंदूत रक्ताची एक बारीकशी गाठ आली, विरघळली, आणि जाताना रंग तेवढे घेऊन गेली. नजर शाबूत, बोटं शाबूत, पण जग सगळं राखेचं. "टोमॅटो बघ," ती म्हणाली होती, "जसा काही रस्त्यावरचा दगड. खाववत नाही गं." हात चालत होते, पण दोरा कुठला घ्यायचा? प्रत्येक रिळासाठी लेकीला हाक मारायची, हे तिच्या जिवावर यायचं.

लेक एका स्टुडिओत आवाज घडवायची. दारांची करकर, वादळं, कुणाची तरी लांब जाणारी पावलं. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरच्या चौकोनांना तारा जोडत गेलं की आवाज तयार होतो. तिनं त्याला फोनचा कॅमेरा जोडला. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन वाटे असतात. एकेका वाट्याच्या हाती तिनं एकेक सूर दिला. एक खर्जातला, एक मधला, एक शिट्टीसारखा बारीक. ज्याचा वाटा मोठा, त्याचा सूर मोठा. फोन कापडावर धरला की कापड गाऊ लागायचं.

आईनं त्यातून स्वतःची रीत काढली. खर्ज म्हणजे तळ, मधला सूर म्हणजे जिना, बारीक म्हणजे माळा, असं तिनं गाण्यात बांधून ठेवलं. कापड एकदाच ऐकायचं, त्याचा सूर गळ्यात धरायचा, आणि गुणगुणतच दोऱ्यांच्या डब्यात त्याचा जोडीदार शोधायचा. गिऱ्हाइकं परत येऊ लागली. घरात पुन्हा गुणगुण आली.

"पण लाल असा बारीक का गं रडतो?" एकदा तिनं विचारलं होतं.

"तो तसाच असतो, आई." लेकीनं लॅपटॉपमधून डोकंही वर काढलं नव्हतं.

पुढे स्टुडिओत पाहुण्यांना हा खेळ दाखवायचं ठरलं. तयारी करताना लेकीनं कॅमेऱ्यासमोर लाल कप ठेवला आणि पडद्यावर निळ्याची पट्टी वर चढली. ती बघतच राहिली. कॅमेरा रंग उलट्या क्रमानं देत होता. आधी निळा, मग हिरवा, मग लाल. तिनं मात्र पहिला तो लाल असं गृहीत धरलेलं. खर्ज लालला द्यायचा होता, तो गेला निळ्याला. तिचे स्वतःचेच कान लाल झाले. दोन तारांची अदलाबदल, काम झालं. संध्याकाळी आई न्हाणीत असताना तिनं आईच्या फोनमध्येही नवा प्रोग्रॅम घातला. सांगावं का? कशाला? बिघडलेलंच तर नीट केलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली, तर दारात बँडमधला कर्णेवाला उभा. हातात त्याचा नुकताच रफू झालेला गणवेशाचा लाल कोट.

"मावशी, हा काय चमत्कार? लाल कोटाच्या कोपराला निळा डोळा! लोक माझं वाजवणं ऐकतील की माझं कोपर बघतील?"

"दोन्ही करतील रे," आई हसली. "तेवढेच जास्त पैसे माग. ठेव इथं, उद्या ने."

तो जिना उतरला, तसं ते हसूही उतरलं.

लेकीचं लक्ष खुंटीकडे गेलं. तिथं कापडी पिशवी भरून टांगलेली. टॉवेल, कंगवा, सपाता, डॉक्टरांचे कागद.

"आई, ही पिशवी कसली?"

"काही नाही गं." आई कोटावरून हात फिरवत राहिली. "डॉक्टर म्हणाले होते ना, काही बदललं की लगेच या. रंग आधी डोळ्यांतून गेले, आता कानांतूनही चाललेत. काल हा कोट माळ्यावर गात होता. आज सकाळी सगळा डबा ऐकला, तर ओळखीचे सूर हललेले, माळ्यावर एकच दोरा भेटला. पिशवी भरली, आणि तरी तोच दोरा घातला. तर हा म्हणतो, निळा आहे." मग हळूच, "तुझं ते पाहुण्यांचं उरकलं, की सांगणार होते."

लेक तिथंच जमिनीवर बसली आणि भडाभडा बोलली. कप, पट्टी, तारा, कालची न्हाणीची वेळ, सगळं.

आईनं कोटावरचा हात काढला.

"म्हणजे डोकं ठिकाणावर आहे माझं?"

"आहे, आई. अगदी आहे."

"सकाळपासून मी मरणाची तयारी करतेय." आवाज चढला नाही, म्हणून जास्तच लागला. "घराचा माळा खाली नेलास, तळ वर नेलास, आणि आत राहणाऱ्या बाईला साधी हाक नाही?"

"ते चुकलेलं होतं गं. मी नीट केलं."

"असेल चुकलेलं. मला माझा लाल परत दे."

लेकीनं तारा पुन्हा उलट्या जोडल्या. आईनं स्वयंपाकघरातून टोमॅटो आणला, फोनखाली धरला. बारीक, रडवेला सूर आला. तिनं मान हलवली आणि कोपरावरचे निळे टाके एकेक करून उसवायला घेतले. लेक जवळ सरकली, तशी म्हणाली, "राहू दे. माझं मी करते."

कोट गेला, कर्णेवाला खूश होऊन गेला. आता रोज सकाळी डबा उघडण्याआधी आई टोमॅटोवर फोन धरते. लेक चपला घालता घालता दारात थबकते, तो सूर माळ्यावर चढेपर्यंत श्वास रोखते.

"आज काही केलंस का?" आई विचारते.

"नाही, आई."

मगच सुईत दोरा जातो. गाणं मात्र आता ऐकू येत नाही. आणि खुंटीवरची ती पिशवी, टॉवेल-कंगव्यासकट, अजून तिथंच आहे.