तयार चष्मा

इवलासा स्क्रू चिमट्यातून तिसऱ्यांदा निसटला आणि काचेच्या टेबलावरून घरंगळत गेला. चष्मेवाला ओणवा होऊन तो शोधू लागला. त्याला तेच बरं होतं. खाली वाकलं की समोर बसलेल्या बाईंकडे बघावं लागत नव्हतं.

बाईंनी त्याला चौथीत शिकवलं होतं. आता त्या अठ्ठ्याहत्तरीच्या आणि तो पन्नाशी उलटलेला, तरी त्या दुकानात शिरल्या की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. आज त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा आला होता आणि बाईंचा फोन त्याच्या शर्टाच्या खिशात होता.

"आईचं आता काही खरं नाही," मुलगा म्हणाला. "कुठला तरी भामट्यांचा मेल आला, हिने लगेच बोट ठेवलं. अख्खा फोन पुसून घ्यावा लागला. कोणाचा मेल होता म्हणून विचारलं, तर आठवत नाही म्हणते!"

"नाही आठवत," बाई म्हणाल्या.

स्क्रू सापडला होता, पण चष्मेवाला खालीच राहिला.

मेल त्याच्याच नावाने गेला होता. बाईंच्या मोठ्या नंबरच्या काचांचं पार्सल बारा दिवस वाटेत अडकलं होतं आणि बाई दिवसाआड चौकशीला येत होत्या. अशात मंगळवारी मेल आला, 'आपले पार्सल थांबवले आहे, खात्री करा.' त्याने गिऱ्हाईक समोर असतानाच, एका हाताने, आपल्या मेलचा पासवर्ड देऊन टाकला. तासाभरात त्याच्या यादीतल्या सगळ्यांना निरोप गेला, 'आपला चष्मा तयार आहे, फोटो पाहा.' तयार चष्म्याचा फोटो पाठवायची त्याची नेहमीचीच पद्धत. कोणाला शंका येणार?

पासवर्ड बदलल्यावर त्याने काहींना फोन करून सावध केलं. हा मेल सगळ्यांत आधी कोण उघडणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाईंचा नंबर त्याने दोनदा लावला आणि वाजायच्या आत तोडला.

शेवटी उठून त्याने स्क्रू बसवला, चष्मा बाईंच्या नाकावर ठेवला, कानामागची काडी बसवली. बाईंनी समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवली.

"झकास," मुलगा म्हणाला. "आता घरी निवांत पेपर वाच. फोनची कटकटच नको."

"आणि मावशी?"

"मावशीशी बोल की माझ्या फोनवरून. रविवारी."

बाई रोज दुपारी दूरगावच्या धाकट्या बहिणीला फोनवर पुस्तक वाचून दाखवत. बहीण अंथरुणाला खिळलेली. म्हणून तर चष्म्याची एवढी घाई होती. चष्म्याचं रिकामं घर बाईंनी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

चष्मेवाल्याला ते बघवेना.

"मेल माझ्याकडून गेला होता," तो म्हणाला. "आधी मीच फसलो. बाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली."

मुलगा एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे बघत राहिला. "तुला माहीत होतं?"

"नाव होतं की त्यावर. वाचता येतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इथे येऊन तमाशा केला असतास." बाईंनी मुलासमोर तळहात धरला. "आण."

मुलाने नाइलाजाने खिशातून फोन काढून दिला. चष्मेवाल्याला हायसं वाटलं. चला, सुटलो एकदाचा, असं वाटून त्याने खोक्यातून चष्मा पुसायचा फडका काढला.

"किती जणांना गेला?" बाईंनी विचारलं.

"यादीत दोनशे दहा आहेत."

"आणि तू फोन किती जणांना केलास?"

तो फडक्याची घडी घालत राहिला.

"तेरा."

"बाकीचे?"

नव्या काचांमागे बाईंचे डोळे चांगलेच मोठे दिसत होते. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि खुर्चीला पाठ टेकली.

"लाव," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."

चष्मेवाल्याने यादी उघडली. पहिल्या नंबरची घंटा वाजू लागली आणि त्याची पाठ ताठ झाली.