चाळीस सेंटिमीटर

"अहो सुखदेव, आपण भोकं पाडता की बुजवता?" रणजित सरांनी विचारलं.

सुखदेव खुर्चीच्या कडेला टेकले होते. आमच्या कोथरूडच्या ऑफिसात ते पहिल्यांदाच आले होते. मातीने भरलेल्या चपला त्यांनी जिन्यातच काढल्या होत्या.

टेबलावर दोन फोटो होते, पुण्याहून निघणाऱ्या खासगी वेगवान रेल्वेच्या एकाच खांबाच्या जागेचे. महिन्यापूर्वी सुखदेवांनी तिथे मशीनने भोक घेतलं होतं. भोकातून उसाच्या कांड्यांसारखे निघणारे दगड पेटीत खोलीप्रमाणे ओळीने लावतात. पहिल्या फोटोत सलग काळा दगड होता. परवा दुसऱ्या टोळीने शेजारीच तपासणीचं भोक घेतलं, तर बारा मीटरखाली तांबडी माती लागली. चाळीस सेंटिमीटर, बोटांनी चुरगळणारी. तिच्यावर खांब उभा राहणार होता आणि खांबावरून ताशी तीनशेने गाडी जाणार होती.

पहिल्या भोकाची भूवैज्ञानिक मी होते. कल्याणी, एम.एस्सी., नोकरीचा पाचवा महिना.

जो भाग भोकात सोडलेल्या पाण्याबरोबर वाहून जातो, हाती लागत नाही, त्याच्या जागी पेटीत तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा ठेवतात. तीस वर्षांत सुखदेवांचा ठोकळा कधी चुकला नव्हता. त्या दिवशीही त्यांनी तो ठेवला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याने चांगला दगड दळून वाया घालवला. ठोकळा दिसला असता तर भोक पुन्हा घ्यावं लागलं असतं. तीन दिवस गेले असते आणि सरांनी मला विचारलं असतं. मी ठोकळा काढून सॅकमध्ये टाकला, कांड्या सरकवून जुळवल्या आणि शेवटी उरलेली रिकामी जागा फोटोबाहेर ठेवली.

"ताई, पानी तांबडं आलतं," सुखदेव तेव्हा म्हणाले होते.

"मशीन गंजलंय तुमचं," मी म्हणाले होते. टोळीतली माणसं हसली होती.

सरांनी पुन्हा विचारलं. सुखदेवांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी फोटोकडे पाहत राहिले.

"ठोकळा ठिवायचा राहिला आसंल, सायेब."

सरांनी आवाज न चढवता सांगितलं, उद्यापासून आपण या लाइनवर येऊ नये. अहवालातला शेरा मी लिहायचा होता.

मी त्यांच्या मागोमाग खाली गेले. ते स्वारगेटच्या बसची वाट पाहत उभे होते. मी म्हटलं, वर जाऊन सगळं सांगते. गावाकडे विहिरींची कामं मिळतील, एवढं ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत:

"फुडल्या भोकाला पान्याचा रंग बघत जा, ताई."

बस आली.

वर गेल्यावर सरांनी विचारलं, काही बोलायचं होतं का. मी नाही म्हणाले. 'ड्रिलरचा निष्काळजीपणा' एवढं टाइप केलं आणि खाली सही केली.

नंतर गोदामात जाऊन ती पेटी काढली. कांड्या एकेक करून पुन्हा दूर सरकवल्या आणि महिनाभर सॅकच्या तळाशी पडलेला ठोकळा मध्ये ठेवला. तो बरोबर बसला. वरच्या बाजूला सुखदेवांनी पेनाने खोली लिहिली होती, १२.१० ते १२.५०. त्याखाली, मी तोवर कधी न वाचलेलं: तांबडं पानी.