साहेबांच्या टेबलावरचा पिस्टन

मित्रांनो, एका पत्राचं उत्तर कितीतरी दिवस रखडलं होतं आणि ते पत्र माझ्याखाली दबलेलं होतं.

मी बसच्या इंजिनातला एक जुना पिस्टन आहे. साच्यात ओतलेल्या धातूतून जन्मलो आणि उभा जन्म वरखाली धावलो. चढणीला गाडी कुरकुरली नाही की ड्रायव्हर इंजिनाला शाबासकी द्यायचा. त्यात थोडा वाटा माझाही, असं मी आपलं समजायचो. पुढे झिजलो, तेव्हा भंगारात न टाकता डेपोच्या साहेबांनी मला रॉकेलनं धुऊन टेबलावर ठेवलं. कागद उडू नयेत, एवढंच काम. तेही मला नीट जमतं की नाही, कोण जाणे.

आमच्या डेपोत ब्रेकचा मिस्त्री नेमायची एक रीत आहे. उमेदवारानं गाडीला ब्रेक बसवायचे आणि त्याच गाडीत बसून फाटकाबाहेरचा उतार उतरायचा. या खेपेला तिघे आले. दोघे बसले. तिसऱ्यानं ब्रेक बसवले, हात पुसले आणि म्हणाला, "मी इथंच थांबतो. तुम्ही या फिरवून." साहेबांनी ती गाडी हलूच दिली नाही.

हा तिसरा एका पुढाऱ्याचा पुतण्या. लगेच पुढाऱ्याचं पत्र आलं : यालाच घ्यावे व तसे कळवावे. मागोमाग फोन. तो ठेवताना साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाही घेतलं तर माझी बदली," ते हेडक्लार्क बाईंना म्हणाले. "पार टोकाच्या डेपोत."

"मग घ्या की हो! वहिनी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना घेऊन कुठे वणवण करणार? एका सहीनं काय बिघडतंय?"

"तुम्ही घरी कशानं जाता, बाई?"

बाईंनी खिडकीतून उभ्या बसकडे पाहिलं.

फोन मात्र वाजतच राहिला. तो वाजला की टेबल थरथरे, टेबलाबरोबर मी. उत्तर जाईपर्यंत कुणालाच नेमता येईना, मिस्त्रीवाचून गाड्या खोळंबल्या. साहेब मला उचलत, पत्र वाचत, पुन्हा मला त्यावर ठेवत. मला वाटे, पुढच्या वेळी ठेवतील तेव्हा खाली पुतण्याच्या नेमणुकीचा, सही केलेला कागद असेल.

एका सकाळी ते आले आणि खुर्चीत टेकायच्या आत लिहायला लागले.

"घरी विचारलंत?" बाईंनी हळूच विचारलं.

"विचारलं. ही म्हणाली, बदली झाली तर मला उचलून न्या. पण घरातल्या येरझाऱ्या थांबवा, माझा डोळा लागत नाही."

त्यांनी लिहिलं : 'आपला पुतण्या स्वतः बसवलेल्या ब्रेकच्या गाडीत बसला नाही. म्हणून त्याला घेता येत नाही.'

"जरा गुळमुळीत लिहा ना, साहेब."

"गुळमुळीत लिहिलं तर उद्या परत फोन येईल."

मित्रांनो, बसमध्ये तुम्ही निर्धास्त पेंगता, तेव्हा कुणीतरी कुठेतरी नाही म्हटलेलं असतं. अशा माणसांना जपा. त्यांची बदली झाली तर निदान विचारा, का झाली म्हणून.

"द्या, मी टाकते पेटीत," बाई म्हणाल्या.

"नको. मीच जातो."

खिडकीतून मला रस्त्यापलीकडची टपालपेटी दिसते. साहेबांचा हात पेटीच्या तोंडाशी क्षणभर थबकला. मग रिकामा बाहेर आला.