हिरव्या राजाची अडीच घरं

मित्रांनो, मी एक जुना राजा आहे. लगेच मुजऱ्याला वाकू नका. मी बुद्धिबळातला लाकडी राजा, तुमच्या अंगठ्याएवढा, आणि माझ्याइतका भित्रा राजा तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

दारव्ह्याच्या बाबाराव सुतारांनी मला खरादावर घडवलं. गाडीचं चाक करून उरलेल्या बाभळीच्या तुकड्यांतून त्यांनी दोन फौजा केल्या. एकीला तांबडी लाख दिली, दुसरीला हिरवी. मी हिरव्यांचा. बोरी अरबचे सदाशिवराव आम्हाला विकत घेऊन गेले, तेव्हा मला वाटलं, नशीब उघडलं. सदाशिवराव म्हणजे तालुक्यातले पट्टीचे खेळाडू. यवतमाळची मंडळीसुद्धा त्यांच्या ओसरीवर येऊन हरून जात. पण ते स्वतः नेहमी तांबड्या बाजूने खेळत आणि हिरवी बाजू पाहुण्याला देत. म्हणजे मी कायमचा हरणाऱ्यांचा राजा.

त्यात त्यांची एक खोड होती. ते शह देत नसत. "भुकणारं कुत्रं कायले व्हावं? सरळ चावावं," असं म्हणून ते गुपचूप जाळं विणत आणि एकदम मात देत. शहाची हाक आली तर राजा सावध तरी होतो. इथे हाकच नाही. मरण कुठल्या घरातून येईल हे कळत नसे, म्हणून पट मांडला की मला सगळ्याच घरांची भीती वाटे.

आमच्याकडच्या खेळात राजाला साऱ्या डावात एक उडी असते, घोड्यासारखी अडीच घरांची. एकदा शह बसला की ती उडी गेली. बहुतेक पाहुणे सुरुवातीलाच ती वापरून मला कोपऱ्यात दडवत. मला कोपरा फार आवडे. तिथेही मी मरतच असे, ती गोष्ट वेगळी.

आता जे सांगतो ते अठ्ठावन्न सालचं. पूर्वी गावात कोणी वारलं, की त्यांच्या नातेवाइकांच्या गावोगावी पायी जाऊन ती बातमी देण्याचं काम उकंडाबुवांकडे असे. त्याला सांगावा म्हणत. ऊन असो की चिखल, नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन साली उकंडाबुवांच्या मोहल्ल्याने बौद्ध धम्म स्वीकारला आणि असली कामं सोडून दिली. पुढे सदाशिवरावांच्या आई, तानाबाई, अंथरुणाला खिळल्या. सदाशिवरावांना घोर लागला, की उद्या सांगावा कोण नेणार? त्यांनी उकंडाबुवांना बोलावून घेतलं. म्हाताऱ्याचे गुडघे सुजलेले होते, तरी भीतीपोटी तो "जाईन मालक" म्हणून बसला.

त्याचा मुलगा नागोराव मागोमाग आला. तो दारव्ह्याच्या कापसाच्या जिनात कामाला होता. "बाबा जाणार नाही," एवढंच तो म्हणाला.

सदाशिवराव हसले. "जिनात बुद्धिबळ खेळतं म्हणते तू. मंग बस. हारला तर तुया बापाले सांगावा न्यावा लागन. जिंकला तर मी पुन्हा शब्द काढणार नाही."

बापाने शब्द देऊन टाकला होता, तो सोडवायला दुसरी वाट नव्हती. नागोराव ओसरीच्या कडेला बसला. त्याची बायको कौसल्या अंगणात उभी होती. ती सासऱ्याला हळूच म्हणाली, "हारले तर तुमी जानार. अन् जिंकले तर आपल्याले गावात राहू देतीन का हे?"

मित्रांनो, भीती मला नवी नव्हती. पण त्या दिवशी मला हात लावणारी बोटं माझ्याहून भ्यालेली होती. घामाने मी ओला झालो. त्या भीतीत नागोरावाला मला कोपऱ्यात नेण्याचं भानच राहिलं नाही. मी मनातल्या मनात "कोपरा, कोपरा" म्हणून ओरडत होतो, पण लाकडाचं कोण ऐकतो? मी पटाच्या मध्यावर उघडा पडलो. माझ्या मागे माझाच हत्ती अडकून बसला होता. सदाशिवराव नेहमीसारखे न भुंकता जवळ आले. उंटाने एक वाट धरली, घोड्याने दुसरी, वजिराने उरलेल्या. माझ्याभोवतीचं एकही घर मोकळं राहिलं नाही. पुढच्या चालीला मात होती.

नागोरावाने हार मानली. मला आडवं करण्यासाठी त्याने माझं डोकं धरलं.

"हात लागला!" सदाशिवराव म्हणाले. "थांब, आडवा करू नको. हात लावलेलं मोहरं चालवाच लागते. चालव राजाले, पाहू कुठी जातो तो." ओसरीवरचे लोक हसले.

नागोरावाचं बोट माझ्या डोक्यावर तसंच राहिलं. मग त्याने शेजारी बसलेल्या विठ्ठलरावांना विचारलं, "काका, मायाकडच्या राजाले एखादा शह बसला काय?"

विठ्ठलराव सदाशिवरावांचे जुने मित्र. ते पटाकडे पाहत राहिले. "नाही बसला," ते म्हणाले. "सदाशिव शह देतेच कुठी?"

मी उडालो. अडीच घरं. मी बाजूला होताच मागच्या हत्तीची वाट सरळ तांबड्या राजापर्यंत मोकळी झाली. तो आपल्याच प्याद्यांत कोंडलेला होता. त्याला हलायला जागाच उरली नव्हती. शह आणि मात एकाच चालीत झाली.

कोणी हसलं नाही, कोणी शाबास म्हटलं नाही. त्या शांततेची मला डावापेक्षा जास्त भीती वाटली. सदाशिवरावांनी मला मुठीत आवळलं आणि अंगातल्या बंडीच्या खिशात टाकून आत निघून गेले. मला वाटलं, आता चूल. तिकडे मोहल्ल्यातही लोक दारं लावून बसले होते, असं मला पुढे कळलं.

चूल काही आली नाही. मी खिशातच राहिलो. हिवाळ्यात तानाबाई गेल्या. सदाशिवरावांनी दिलेला शब्द पाळला आणि सांगावा न्यायला स्वतः सायकल काढली. मी खिशातून सारं ऐकत होतो. पहिल्या गावी, बहिणीच्या दारात ते उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. त्यांची छाती माझ्या अंगावर धडधडत होती. तालुक्याचा हा पट्टीचा खेळाडू माझ्यासारखाच भितो, हे मला तेव्हा कळलं.

परतताना त्यांनी सायकल उकंडाबुवांच्या अंगणात थांबवली. कौसल्या घाबरून दारात आली. नागोराव पुढे झाला.

"उकंडा," सदाशिवराव म्हणाले, "लोकाइच्या दारी जाऊन तू कसं सांगत होता रे?"

उकंडाबुवा म्हणाले, "चूप उभं राहाचं, मालक. आपलं तोंड पाहूनच त्याइले समजते."

सदाशिवरावांनी मान हलवली आणि ते गेले.

तेरवी झाल्यावर ते पट घेऊन पुन्हा त्याच अंगणात आले आणि नागोरावासमोर मातीत बसले. मला खिशातून काढून त्यांनी बाहीने पुसलं आणि हिरव्या बाजूला ठेवलं. डाव सुरू झाला. प्यादी सरकली न सरकली तोच त्यांनी उंट बाहेर काढला आणि मोठ्याने म्हणाले, "शह!"

माझी उडी गेली, तीही डावाच्या सुरुवातीलाच. तरी मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला भीती वाटली नाही. त्यांनी मला सावध केलं होतं. मी लढू शकतो, हे मानल्याशिवाय कोणी शह देत नाही.

आता माझी लाख उडाली आहे आणि बुडाला चीर गेली आहे. त्या दिवशी सदाशिवराव पट तिथेच ठेवून गेले, तेव्हापासून नागोरावाच्या घरी मी फळीवर असतो. मुलं शाळेतून नवे नियम शिकून येतात, त्यात राजाला उडी नाही म्हणे. नसू दे. मला अधूनमधून पुसून पटावर घ्या, एवढंच मागणं आहे. आणि समोरच्याला हरवायचं असेल तर खुशाल हरवा, पण आधी शह द्या.