शवासनातून उठवणं

माझ्या सासऱ्यांना अख्खी वस्ती 'सर' म्हणते. योगाचा वर्ग त्यांनी हयातभर चालवला. कंबर धरलेले ड्रायव्हर, बाळंतपणातून उठलेल्या बायका, खुर्चीत बसून आखडलेले कारकून, सगळ्यांना त्यांनी ओरडून ओरडून सरळ केलं. घरात स्वतःचा चहाचा कप कधी उचलला नाही, ते जाऊ द्या.

अलीकडे ते विसरायला लागले होते. हे फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला माहीत. नवरा म्हणाला, "वर्गात एकदा जरी फजिती झाली ना, तर मी वर्गाच्या हॉलला कुलूप लावणार. बाबांचं हसं झालेलं मला बघवणार नाही." याचं काय जातंय म्हणायला! वर्गाची वेळ झाली की बाबा आपले आपण दाढी करतात, ताठ चालतात. बाकीचा दिवस भिंतीकडे बघत बसतात. वर्ग बंद पडला की माणूस हातचा गेला, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

म्हणून मी रोज मागच्या भिंतीशी चटई टाकायची. बाबांनी डावा पाय दोनदा उचलायला सांगितला की मी खोकायची, ते सावरायचे. लोकांना वाटायचं, सरांच्या सुनेला बारमाही खोकला आहे.

मला धास्ती होती ती शवासनाची. सगळे डोळे मिटून उताणे पडतात, आणि सर सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, हा बाबांचा दंडक. तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

त्या सकाळी बाबांचा आवाज एकेक अवयव सैल सोडायला सांगत पायांपासून कपाळापर्यंत आला आणि थांबला. रोजच थांबतो. मी वाट पाहिली. खाली कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं. आवाज काही येईना. मी खोकले. परत खोकले. शेवटी मी डोळे उघडले.

बाबा वर्गातल्या एका निवृत्त नर्सच्या तोंडावर वाकून बघत होते. मग पुढच्याच्या. मला उठलेली पाहून धडपडत माझ्याकडे आले आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"ही माणसं मेली का गं?" ते कुजबुजले. "मी काही केलं नाही हं."

मला भडभडून आलं. "नाही हो बाबा. झोपलीत नुसती. तुम्ही उठवा ना."

"मला नाही येत."

त्यांना हाताला धरून माझ्या चटईवर आडवं केलं आणि मी पुढे जाऊन उभी राहिले. वाक्यं ऐकून ऐकून पाठ होती.

"हातापायांची बोटं हलवा. उजव्या कुशीवर वळा." सगळे वळले. बाबाही वळले. "उठून बसा. डोळे मिटलेलेच ठेवा."

बसले. पुढचं वाक्य मी लांबवलं. आता लोक बघणार, दुपारपर्यंत वस्तीभर होणार, संध्याकाळी कुलूप. सगळ्यांना असंच बसवून ठेवावं असं वाटलं मला. पण किती वेळ ठेवणार?

"डोळे उघडा," मी म्हणाले.

सरांच्या जागी मी, आणि सर मागच्या रांगेत. कुणी हसलं नाही. नर्सबाईंनी मान खाली घातली.

तेवढ्यात मागून एक हात वर झाला. बाबांचा. मघाची भीती चेहऱ्यावर कुठेच नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "बरं वाटलं मला. उद्या परत आलो तर चालेल का?"